हॉस्पिटलच्या दारावरचा बिल्ला बघून आईचं ऑपरेशन ठरवावं का?

मांडवीकाठ | २ ऑगस्ट, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची, साखळीला राहते. उजवा गुडघा पार झिजलाय. गेल्या वर्षीपर्यंत देवळाच्या पायऱ्या चढायची, आता खालूनच हात जोडते. सांधा बदलायचा हे ठरलंय, कुठे ते ठरत नाही.

पर्याय दोन. एक, पणजीजवळचं मोठं खासगी हॉस्पिटल. दारावर, लिफ्टमध्ये, बिलाच्या कोपऱ्यात, सगळीकडे एनएबीएचचा, म्हणजे हॉस्पिटलांच्या दर्जाच्या मानांकनाचा बिल्ला. मी खर्चाचा आकडा विचारला तर काउंटरवरच्या मुलीने आधी "आम्ही एनएबीएच आहोत" सांगितलं आणि मग आकडा. दुसरं, फोंड्याकडचं १८ खाटांचं नर्सिंग होम. बिल्ला नाही, लिफ्टही नाही. पण तिथल्या सर्जननी दहा वर्षांपूर्वी बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन केलं होतं आणि बाबा शेवटपर्यंत काठीशिवाय चालले. खर्चात लाखभराचा फरक.

माझा प्रश्न साधा आहे. या मानांकनाने उपचार खरंच सुधारतात, की हॉटेलाला तारे असतात तसला हा प्रकार? अनुभव असलेल्यांनी लिहा. बहिणीशी भांडून झालंय, ती बिल्लेवाल्यांच्या बाजूची.

सुशेगाद_पात्रांव | २ ऑगस्ट, ९:३०

ताऱ्यांसारखंच. पण हॉटेलात निदान नाश्ता फुकट असतो.

डिचोलीकर | २ ऑगस्ट, १०:०५

पात्रांव, थांबा जरा. आधी ते काय असतं ते बघू. परवाना वेगळा, मानांकन वेगळं. परवाना नसेल तर दुकान उघडता येत नाही. मानांकन ऐच्छिक आहे. एनएबीएच हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ, २००५ साली स्थापन झालं. त्यांच्या मानकांची सहावी आवृत्ती २०२५च्या जानेवारीत आली. दहा प्रकरणं, १०० मानकं आणि त्याखाली ६३९ कलमं. औषध कुठे ठेवायचं, रक्त कोण तपासणार, रुग्ण पलंगावरून पडला तर नोंद कुठे, आग लागली तर कोण कुठून बाहेर पडणार, सगळं त्यात येतं. मंडळाचे परीक्षक येऊन तपासतात. लहान हॉस्पिटलांसाठी हलकी, प्रवेश पातळीची पायरीही आहे, त्यामुळे बिल्ला दिसला की तो कुठला तेही बघा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

माझं मत: ज्याने ६३९ कलमं वाचण्याचे तरी कष्ट घेतले तो न वाचणाऱ्यापेक्षा बरा.

खाजें | २ ऑगस्ट, ११:४८

वाचण्याचे कष्ट घेतले म्हणता? माझ्या सासऱ्यांना दक्षिण गोव्यातल्या एका बिल्लेवाल्या हॉस्पिटलात नेलं होतं, पित्ताशयासाठी. ऑपरेशनला नेताना स्ट्रेचर लिफ्टमध्ये, आणि लिफ्टमध्येच मुलगा पाच कागद पुढे करतोय, "इथे सही, इथे सही". सगळे इंग्रजीत. सासरे मराठी चौथी शिकलेले. मी विचारलं हे काय आहे, तर म्हणाला "नॉर्मल आहे मॅडम, एनएबीएचसाठी लागतं".

डिचोलीकर | २ ऑगस्ट, १२:१०

खाजेंताई, गंमत बघा. रुग्णाला समजेल अशा भाषेत समजावून मगच संमती घ्यायची, हेच मानकात लिहिलंय. म्हणजे मानक पाळल्याचा पुरावा गोळा करताना मानकच मोडलं.

सुशेगाद_पात्रांव | २ ऑगस्ट, १२:१४

लिफ्टमध्ये घेतली म्हणून तिला उच्च दर्जाची संमती म्हणायचं.

रात्रपाळी | २ ऑगस्ट, रात्री ११:५५

मी नर्स आहे, चौदा वर्षं झाली. दोन हॉस्पिटलांत मानांकनाच्या आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा होते. नावं विचारू नका.

तयारीचे ते सहा महिने म्हणजे घरात लग्न काढल्यासारखं. बाहेरून सल्लागार येतो, 'क्वालिटी'ची मॅडम रोज वॉर्डात फिरते, भिंतीवर हात धुण्याची चित्रं लागतात. जुन्या फायली पुऱ्या करायला बसवतात. होय, मागच्या तारखांनी. मीही लिहिल्यात, खोटं कशाला बोलू. परीक्षक आले तेव्हा सफाईच्या मावशीने 'कोड रेड', 'कोड ब्लू', 'कोड पिंक' अशी धडाधड उत्तरं दिली की डॉक्टर मागे उभे राहून ऐकत होते. त्यांना स्वतःला पिंक आठवत नव्हता. (हे हॉस्पिटलातले धोक्याचे इशारे. मूल पळवलं तर पिंक.)

एवढं वाचून नाटक म्हणाल, आणि अर्धं नाटक होतंच. उरलेलं सांगते.

पूर्वी आमच्या वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल इतर औषधांच्याच ट्रेमध्ये असायच्या. दिसायला अगदी डिस्टिल्ड वॉटरसारख्या. पातळ न करता शिरेतून गेलं तर हृदय थांबतं. रात्री तीन वाजता, डोळे मिटत असताना, ट्यूबलाइट लुकलुकत असताना त्या ट्रेमध्ये हात घालायचे आम्ही. मानांकनाच्या तयारीत ते वॉर्डातून उचललं, कुलपात गेलं, काढायचं तर दोघींच्या सह्या. परीक्षक गेल्यावरही ते परत ट्रेमध्ये आलं नाही. किती माणसं त्यामुळे वाचली? कुणीच सांगू शकणार नाही, कारण न झालेल्या चुकीची फाइल नसते.

दुसरं, फोनवरची ऑर्डर. रात्री डॉक्टर झोपेत सांगणार, आम्ही लिहून त्यांना परत वाचून दाखवायची. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या. मग एकदा वाचून दाखवताना डॉक्टरच म्हणाले, "थांब, मी पन्नास म्हटलं? पाच, पाच!" त्यानंतर शिव्या बंद.

पण नर्स मात्र वाढल्या नाहीत. वीस रुग्णांना रात्री दोघी, तेव्हाही आणि नंतरही. वर फॉर्म वाढले. रुग्ण पडण्याचा धोका किती याचा फॉर्म भरत असताना पलीकडच्या खाटेवरचे आजोबा पडले, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

अबोली_काणकोण | ३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

रात्रपाळीताई, दंडवत. शेवटचं वाक्य वाचून चहा थंड झाला.

चौकस | ३ ऑगस्ट, १०:३३

प्रतिसाद फार आवडला. आता थोडे आकडे, परदेशातले.

अमेरिकेत मानांकनाचे परीक्षक न सांगता येतात. २००८ ते २०१२ या काळात १,९८४ हॉस्पिटलांत झालेल्या अशा भेटी संशोधकांनी तपासल्या. परीक्षक इमारतीत असलेल्या आठवड्यात दाखल झालेल्या वृद्ध रुग्णांचा तीस दिवसांतला मृत्युदर ७.०३ टक्के, आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन आठवड्यांत ७.२१ टक्के. फरक लहान आहे, पण डॉक्टर तेच, इमारत तीच, औषधं तीच. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणसं जरा जास्त लक्ष देतात.

दुसरा अभ्यास २०१८चा. ४,४०० अमेरिकन हॉस्पिटलं, ४२ लाखांवर रुग्ण. मानांकित आणि बिगरमानांकित हॉस्पिटलांच्या मृत्युदरात म्हणावा असा फरक सापडला नाही. म्हणजे धागाकर्त्याच्या बहिणीची बाजू आकड्यांत लंगडी आहे.

सुशेगाद_पात्रांव | ३ ऑगस्ट, १०:४१

हे आमच्या घरचं चवथीआधीचं चित्र. पाहुणे येणार म्हटलं की माळ्यावरची जळमटंसुद्धा निघतात, आणि विसर्जन झालं की गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी तशीच सुकत लटकते. परीक्षकांनाच हॉस्पिटलात कायमचं दाखल करा.

डिचोलीकर | ३ ऑगस्ट, ११:५९

चौकस, अभ्यास बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. अमेरिकेत ज्या हॉस्पिटलांनी मानांकन घेतलेलं नसतं त्यांची तपासणी राज्य सरकार करतं. ती झाल्याशिवाय वृद्धांच्या सरकारी विम्याचे पैसेच मिळत नाहीत. म्हणजे तुमची तुलना एकाने तपासलेलं विरुद्ध दुसऱ्याने तपासलेलं अशी आहे. आपल्याकडची तुलना तपासलेलं विरुद्ध कुणी ढुंकूनही न पाहिलेलं. ते आकडे फोंड्याच्या नर्सिंग होमला कसे लावणार?

चौकस | ३ ऑगस्ट, १२:२०

हा मुद्दा मान्य. लंगडी शब्द मागे घेतो.

तरीही सांगतो, ज्याने फरक पडल्याचं दिसलंय ते पूर्ण मानांकनापेक्षा साधं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनच्या वेळची तपासयादी, २००८ची, एका पानावर १९ मुद्दे. रुग्ण तोच का, बाजू तीच का, अँटिबायोटिक दिलं का, शेवटी कापसाचे बोळे मोजले का. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती लावली, दिल्लीतलं एक त्यात होतं. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८वर आले. एनएबीएचवाल्यांना ही यादी किंवा तशीच एखादी वापरावीच लागते, पण बिल्ला नसलेल्याला वापरायला बंदी थोडीच आहे!

खाजें | ३ ऑगस्ट, १२:३१

बंदी नाही, पण विचारणारंही कुणी नाही ना. माझ्या घरात व्यायामाला बंदी नाही.

दोतोर_निवृत्त | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

मी बत्तीस वर्षं लहान नर्सिंग होम चालवलं, आता मुलगी चालवते. बाजू घेणार नाही म्हणता म्हणता घेईन, सांभाळून घ्या.

ही कल्पना मुळात एका तऱ्हेवाईक सर्जनची. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन. त्यांचं म्हणणं, ऑपरेशन केलेल्या प्रत्येक रुग्णाचं वर्षभराने काय झालं ते शोधा आणि जाहीर करा. सहकाऱ्यांना हे झेपलं नाही. त्यांनी स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं आणि ३३७ रुग्णांमागे स्वतःच्या १२३ चुका छापून वाटल्या. पुढे अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने १९१८मध्ये किमान मानकं घेऊन ६९२ मोठी हॉस्पिटलं तपासली. उतरली फक्त ८९. नापासांत इतकी नामांकित नावं होती की ती यादी न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या भट्टीत जाळून टाकली. शंभर वर्षांनंतर आम्ही बिल्ला भिंतीवर लावतो आणि रुग्णांचं पुढे काय झालं ते मात्र अजूनही जाहीर करत नाही. कॉडमनना पाहिजे होतं ते राहिलं, चौकट तेवढी आली.

आता माझं दुखणं. मुलीने प्रवेश पातळीसाठी अर्ज करायचं ठरवलं. सल्लागाराने तयार नियमावली पाठवली, चारशे पानं, आमच्या नावाने. वाचताना सापडलं की ३८व्या पानावर दुसऱ्याच कुठल्या तरी हॉस्पिटलचं नाव राहून गेलंय आणि आमच्याकडे नसलेल्या हेलिपॅडवर रुग्ण कसा उतरवायचा तेही दिलंय.

सुशेगाद_पात्रांव | ३ ऑगस्ट, ९:१९

दोतोरानु, हेलिपॅड बांधून टाका. चवथीला माटोळीचं सामान थेट वरून उतरवू.

तेरेखोलपल्याड | ४ ऑगस्ट, ८:०२

मी सिंधुदुर्गातला. तुमचा वाद मला जरा श्रीमंती वाटतो, रागावू नका. आमच्याकडे काही गंभीर झालं की एकच शब्द, बांबोळी, म्हणजे तिथलं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज, गोमेकॉ. वडिलांना छातीत दुखलं तेव्हा गाडीत घालून गोमेकॉत आणलं. खाट नव्हती, पहिली रात्र स्ट्रेचरवर, मी खाली चटईवर. पण पोचल्यावर काही मिनिटांत ईसीजी निघाला होता आणि पुढे काय करायचं ते तिथल्या पोरसवदा डॉक्टरला ठाऊक होतं. वडील आज भात लावतात. दर्जा म्हणजे काय, ते तुम्ही ठरवा. चटईला गुण देऊ नका म्हणजे झालं.

अबोली_काणकोण | ४ ऑगस्ट, ९:४०

पल्याडवाले दादा, तुमचं पटलं, पण सरकारी म्हणजे मानकं नाहीत असं नाही. त्यांची वेगळी आहेत. एनक्वास ही राष्ट्रीय गुणवत्ता मानकं २०१३पासून, स्वच्छतेसाठी कायाकल्प २०१५पासून, बाळंतपणाच्या खोलीसाठी लक्ष्य २०१७पासून. एनक्वासला एकूण ७० टक्के गुण लागतात. माझी वहिनी आरोग्य केंद्रात आहे. तिच्याकडे कायाकल्पच्या आधी बाळंतिणीच्या संडासाला कडी नव्हती. कडी! आता कडी आहे, पाणी आहे, पडदा आहे. कागद भरून वहिनीच्या बोटांना घट्टे पडले, पण ती म्हणते कडीपुरते तरी घट्टे वसूल झाले.

आणि स्ट्रेचरची रात्र चालून गेली ती वडील वाचले म्हणून. संसर्ग झाला असता तर हाच प्रतिसाद वेगळा लिहिला असता तुम्ही.

तेरेखोलपल्याड | ४ ऑगस्ट, ९:५८

खरं आहे ताई. बाजूच्या स्ट्रेचरवरच्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलंही नव्हतं.

कागदीघोडा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१०

विम्याच्या धंद्यात आहे, म्हणून कुणी न बोललेलं बोलतो. बिल्ल्यामागे पैसा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत बिगरमानांकित हॉस्पिटलला दर १५ टक्के कमी. आयुष्मान भारतमध्ये प्रवेश पातळीला १० टक्के जास्त, पूर्ण मानांकनाला १५ टक्के जास्त. हॉस्पिटलचा मालक हा हिशेब पहिल्या बैठकीत करतो. यात पाप नाही. पैसे मिळणार म्हणून का होईना, पोटॅशियम कुलपात गेलं.

खर्चाचं म्हणाल तर गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत केंद्राने २०१७पासून बांधून दिली आहे. लाखाचा फरक सांध्याचा नसणार, खोलीचा, थिएटरचा आणि 'इतर'चा असेल. दोन्हीकडून आकडा फोडून मागा. 'इतर' या शब्दावर बोट ठेवून विचारा.

खाजें | ४ ऑगस्ट, ३:२५

आणि लिफ्टमध्ये सही करू नका.

रात्रपाळी | ४ ऑगस्ट, रात्री ११:४०

मूळ प्रश्न राहूनच गेला. मांडवीकाठदादा, बिल्ला बाजूला ठेवा आणि दोन्हीकडे जाऊन विचारा. रात्री दोन वाजता मजल्यावर डॉक्टर असतो का, की घरून येतो? त्या मजल्यावर रात्री किती रुग्णांमागे किती नर्स? गेल्या वर्षी किती गुडघे केले आणि त्यातल्या कितींना जंतुसंसर्ग झाला? अँटिबायोटिक चीर घेण्याआधी तासाभरात देतात का, आणि ते लिहिलेलं असतं का? आई अचानक अत्यवस्थ झाली तर आयसीयू त्याच इमारतीत की ॲम्ब्युलन्स बोलवायची? रक्त कुठून येणार?

आणि दाराशी हात चोळायच्या बाटलीचं बटण दाबून बघा. रिकामी निघाली तर चित्रं कितीही लावलेली असोत.

दोतोर_निवृत्त | ५ ऑगस्ट, ७:५०

उत्तम यादी. एक भर घालतो. फोंड्याचे सर्जन अजून कुठे ऑपरेशन करतात का तेही विचारा. गोव्यात बरेचसे सर्जन तीन-तीन ठिकाणी जातात. तुम्ही माणूस की इमारत असं भांडताय, कदाचित भांडायची गरजच नसेल.

चौकस | ५ ऑगस्ट, ८:१५

वाचतोय. मांडवीकाठ, काय झालं ते लिहायला या. इथले निम्मे धागे उत्तराविनाच मरतात.

मांडवीकाठ | १९ ऑगस्ट, रात्री १०:०५

आलो. उशीर झाला, माफ करा.

रात्रपाळीताईंची यादी छापून दोन्हीकडे गेलो. बिल्लेवाल्यांकडे आधी मार्केटिंगच्या माणसाकडे पाठवलं, त्याने कॉफी दिली आणि माहितीपत्रक. मी हटलो नाही. तिसऱ्या फेरीला 'क्वालिटी'च्या मॅडम भेटल्या. त्यांनी संगणकावर गुडघ्यांची संख्या आणि संसर्गाचा आकडा दाखवला. कागदावर देणार नाही म्हणाल्या, पण दाखवला. रात्री मजल्यावर डॉक्टर आहे. नर्स किती विचारल्यावर जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, बारा रुग्णांमागे एक. तळमजल्यावरची बाटली भरलेली होती, तिसऱ्या मजल्यावरची रिकामी.

फोंड्याला सर्जन स्वतः बसले, अर्धा तास. यादी बघून आधी कपाळाला आठ्या, मग हसले. संसर्ग किती, तर म्हणाले "मला आठवतात तेवढे दोन". वही नाही. रात्री मजल्यावर फक्त नर्स, ते स्वतः दहा मिनिटांवर राहतात. आयसीयू नाही. बाटली भरलेली होती.

मग दोतोरांचा प्रश्न विचारला. ते त्या मोठ्या हॉस्पिटलातही मंगळवारी आणि शुक्रवारी ऑपरेशन करतात! मी विचारलं, डॉक्टर, तुमची आई असती तर? जरा गप्प झाले. म्हणाले, पन्नाशीचा, धडधाकट माणूस असता तर इथेच केलं असतं. पण तुमच्या आईला मधुमेह आहे, ब्लडप्रेशर आहे. ऑपरेशन मी दोन्हीकडे सारखंच करीन. पहाटे चार वाजता काही झालं तर इथे मी पायजम्यात गाडी काढत असेन आणि तिथे माणूस जागा असेल.

म्हणून तेच सर्जन, पण तिकडे. 'इतर'वर बोट ठेवल्यावर अठरा हजार कमी झाले, कागदीघोडा यांना धन्यवाद. बहीण म्हणते ती जिंकली. मी म्हणतो सर्जन माझा आहे. आई म्हणते चवथ होऊन जाऊ दे, मोदक कोण करणार?

सुशेगाद_पात्रांव | १९ ऑगस्ट, १०:११

तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊ नका.

दोतोर_निवृत्त | १९ ऑगस्ट, १०:३०

त्या सर्जनना माझा नमस्कार सांगा, ओळख नसली तरी. आणि घरी जाऊन एक वही घाला म्हणावं. मीही बत्तीस वर्षं घातली नव्हती.

रात्रपाळी | २० ऑगस्ट, पहाटे ४:०५

छान झालं. दादा, दाखल करताना आईंच्या सगळ्या औषधांची यादी लिहून न्या, डोस आणि वेळेसकट. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कधी थांबवायची ते सर्जनना आत्ताच विचारा, आदल्या दिवशी नव्हे. शेजारणीने दिलेला काढासुद्धा यादीत लिहा. गोव्यातल्या आया काढा सांगत नाहीत.

मांडवीकाठ | २० ऑगस्ट, ७:१५

आत्ता विचारलं. दोन काढे निघाले.